चष्मेवालीचा चक्कीवाला

पौष लागला की भंडाऱ्याच्या बाजारात लाखोळीची भाजी येते. पितळी भांड्यांच्या दुकानांपुढे एक बाई गोणपाट अंथरून बसते, कोवळे शेंडे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते आणि आपली भाजी साकोलीकडची आहे असं दर गिऱ्हाइकाला शपथेवर सांगते. मी तिच्याशी हुज्जत घालते, भाजी घेतेच, घरी येऊन निवडायला बसते, आणि थोड्या वेळाने माझं डोकं तापतं. घरच्यांना वाटतं भाजीत माती फार निघाली. मी तसंच वाटू देते. चाळीस वर्षं जुन्या रागाचं कारण विचारलं तर सांगायला अख्खी दुपार लागेल, आणि भाजी तर अर्ध्या तासात चुलीवर चढवायची असते.

लाखोळी कशी पेरतात हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिच्यासाठी कोणी नांगर धरत नाही. धान कापायला आलेलं असतं, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, अजून ओल असते, तेव्हा उभ्या पिकातच बी फेकून देतात. धान कापून नेलं की त्याच्या धसकटांमधून ही आपली मुकाट्याने वर येते, आणि पौषात सगळ्या बांध्या निळ्या होतात. तो निळा रंग मला फार आवडायचा. आता आवडतो की नाही, ते सांगता येत नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा पौष. साकोलीपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला कौलारू छपराचा लांबलचक बिडी कारखाना. कारखाना म्हणजे यंत्रं वगैरे काही नाही. दोन्ही भिंतींना पाठ लावून बसलेल्या तीसेक बाया, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची भिजवलेली पानं, कात्री, पानं मापात कापायचा पत्र्याचा फर्मा, तंबाखू आणि सुताची गुंडी. मी मॅट्रिक झाले होते. भंडाऱ्याला डी.एड.ला त्या साली नंबर लागला नव्हता. पुढच्या जूनमध्ये नक्की लागेल असं हायस्कुलातल्या गुरुजींनी सांगितलं होतं. तोवर घरी बसून काय करायचं, म्हणून मी आईशेजारी सूप घेऊन बसायची. माझ्या बिड्या ढिल्या व्हायच्या. मुनीम तपासताना त्या बाजूला काढायचा आणि म्हणायचा, हिला मास्तरीणच होऊ द्या, शेठचं नुकसान टळेल.

त्या ओळीत एकच पुरुष बसायचा, आणि तो बिडी वळायचा नाही. ते माझे बाबा. ते वाचायचे. आमच्याकडची ही रीतच होती. सगळ्या बाया आपापल्या सुपातून रोज मूठभर बिड्या बाबांच्या टोपलीत टाकायच्या, आणि त्या बदल्यात बाबा सकाळपासून दिवस कलेपर्यंत मोठ्याने वाचत राहायचे. आधी पेपर, मग पोथी, आणि पोथीला बाया कंटाळल्या की पुस्तक. बाबा सातवी पास होते, पण त्यांचा आवाज असा की शेवटच्या कोपऱ्यातल्या बहिऱ्या म्हातारीलाही समजायचं. वाचताना ते मान वर करत नसत. बोट ओळीवरून सरकत जायचं, आणि ते बोट सरकतंय तोवर तोंडातून निघणारं सगळं छापलेलंच आहे अशी आम्हा सगळ्यांची खात्री असायची.

त्या हिवाळ्यात बाबांनी जे पुस्तक काढलं, त्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. कव्हर गेलेलं, पहिली आठ पानं गेलेली. गुरुजींची बदली झाली तेव्हा ते बाबांना देऊन गेले होते. देशोदेशीच्या, जुन्या-नव्या लेखकांची आयुष्यं त्यात एकामागून एक सांगितली होती. बाया त्याला लेखकायचं पुस्तक म्हणायच्या. परदेशी नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. बर्फाच्या मुलखातला एक होता, तो गाईंच्या गोठ्यात बसून लिहायचा, कारण घरात ऊब तेवढ्याच ठिकाणी. तो झाला गोठ्यातला. चीनचा एक अंमलदार राजाला खरं बोलायचा, म्हणून दरसाल त्याची बदली आणखी लांब व्हायची; ओळीतली सगुणाबाई म्हणाली की तो आता गडचिरोलीच्याही पुढे गेला असेल. वाळवंटातल्या एका म्हाताऱ्याला लिहिताच येत नव्हतं. तो उंटावर बसून सांगायचा आणि पुढे चालणारा उंटवाला पाठ करायचा. त्याचं पुस्तक हजार वर्षं टिकलं, हे ऐकून सगुणाबाई उंटवाल्याच्या बाजूने भांडायला उठली. बेटावरचा एक दिवेवाला होता, त्याच्या चहूकडे समुद्र. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. बाबांनी सांगितलं, शिवनीबांधाच्या तळ्याला पलीकडचा काठच नाही असं समजा. मग सगळ्यांना समुद्र दिसला.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. रडवणारं काही वाचलं की बायांचे हात ढिले पडत, आणि ढिली बिडी मुनीम छाटून टाकत असे. म्हणून त्याने बाबांना बजावून ठेवलं होतं की मरणाबिरणाचं जेवणाआधी वाचायचं नाही. लेखक मरायला टेकला की बाबा पानात दोरा घालून पुस्तक मिटायचे आणि सांगायचे, ‘याचं मरन आता भाकर खाल्ल्यावर.’ बाया हसायच्या. गोठ्यातल्याला आम्ही असं दोन दिवस जिवंत ठेवलं होतं. या सगळ्याची मला गंमत वाटायची. बाबा मरण लांबणीवर टाकतात, पण बदलत नाहीत, असं मी धरून चालले होते. वाचता मलाही येत होतं. पण पुस्तक हातात मागावं असं एकदाही मनात आलं नाही. तंबाखूच्या हाताने पुस्तकाला शिवायचं नाही हा घरचा नियम होता, हे खरं. पण त्याहून खरं हे की कशाला मागायचं, बाबा वाचत होते ना.

मला लिहायचं होतं. हे आता लिहिताना संकोच वाटतो, तेव्हा वाटत नव्हता. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर मी काहीबाही लिहायची, बिड्यांच्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. बाबांना ते दाखवायची. ते दोनदा वाचायचे आणि वहीत घडी घालून ठेवायचे. डी.एड. करायचं, कुठल्यातरी गावच्या शाळेत मास्तरीण व्हायचं, खोली घ्यायची आणि शाळा सुटल्यावर लिहायचं, एवढा साधा बेत होता. बाबांना तो पाठ होता.

पौषाच्या मध्यावर वरठीहून पाहुणे आले. त्यांची धानाची छोटी गिरणी होती, माणसं सुपारीची खांडं मोजावीत तसं मोजकं बोलणारी, मुलगा दिसायला बरा. पोरगी पसंत आहे, उत्तर माघात कळवा, असं सांगून ते स्टेशनच्या वाटेने गेले. आई कपबशा उचलून चुलीकडे गेली. बाबांनी मला अंगणात बोलावलं आणि म्हणाले की जबरदस्ती नाही, तू सांगशील तसं. नाही म्हटलंस तर जूनमध्ये भंडाऱ्याला पोचवून देतो. गावात असं विचारणारा बाप दुसरा नव्हता. मी दोन दिवस छाती फुगवून फिरले. उत्तर माझ्या मनात ठरलेलंच होतं: नाही.

आणि त्याच आठवड्यात पुस्तकात चष्मेवाली आली.

पावसाळी, थंड मुलखातली, दोनशे वर्षांपूर्वीची, एका गरीब उपदेशकाची मुलगी. डोळे अधू, म्हणून जाड चष्मा, म्हणून चष्मेवाली. लहानपणापासून लिहायची आणि लिहिलेलं पिठाच्या डब्यात लपवायची. माझे हात थांबले. आईने कोपराने ढोसलं तेव्हा परत चालू झाले. पहिला दिवस तिच्या लहानपणात गेला. दुसऱ्या दिवशी तिला मागणी आली. बाबांनी तिथेच दोरा घातला आणि पुस्तक मिटलं. सगुणाबाई म्हणाली, आता मरण नाही तरी काय थांबता, पण बाबा उठून पाणी प्यायला गेले ते गेलेच.

तिसऱ्या दिवशी बाबांनी वाचलं. बोट ओळीवरून सरकत होतं. मागणी घालणारा चक्कीवाला होता, गव्हाच्या पिठाची चक्की असलेला, मोजकं बोलणारा. चष्मेवालीला वाटलं, संपलं आपलं लिहिणं. पण लग्न होऊन ती सासरी गेली, तर सासूने खिडकीपाशी एक टेबल मांडून ठेवलं होतं. सासू म्हणाली, ‘तू लिही बाई. चूल माझ्याकडं.’ चक्की घरघरत राहायची आणि ती लिहीत राहायची. तिची सात पुस्तकं झाली. पिठाने पांढरे झालेले कागद गावोगाव गेले. म्हातारपणी सुना-नातवंडांत ती सुखाने गेली, आणि हे मरण बाबांनी जेवणाआधीच वाचलं, कारण त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

ओळीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. सगुणाबाई तर उघडच म्हणाली की शकूचं नशीब पुस्तकात छापून आलं. मला तेव्हा हसू आलं, लाज वाटली, आणि कारखान्यातून घरी येताना वाटेवरच्या निळ्या बांध्या बघता बघता माझं उत्तर फिरलं. हो म्हणून सांगितलं ते मीच, बाबांना, आपल्या तोंडाने. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो लवकर उचलला नाही. लेक जाणार म्हणून, असा मी त्याचा अर्थ लावला.

वरठीला खिडकीपाशी टेबल होतं. त्यावर कोंड्याचे नमुने आणि कंदील ठेवत. सासू वाईट नव्हती, ती मला कधी घालूनपाडून बोलली नाही. तिला फक्त कळत नव्हतं. एकदा मी कागद घेऊन बसले तर तिने काळजीने विचारलं की कोणाला पत्र धाडायचं आहे का, कोणी आजारी आहे का. गिरणीवरच्या सात-आठ माणसांचा स्वयंपाक, धानाचा भुसा केसांत, पापण्यांवर, पिण्याच्या पाण्यावर. नवरा मोजकं बोलायचा तो तसाच बोलत राहिला. वाईट कोणीच नव्हतं, आणि वाईट कोणी नसलं की भांडायचं कोणाशी? मी स्वतःशीच भांडायची. चष्मेवालीला चक्कीच्या घरघरीत सात पुस्तकं लिहिता आली, मला एक पान होत नाही, म्हणजे माझ्यातच काही नव्हतं. आठ वर्षं मी हे मनाशी घोकलं. त्या आठ वर्षांचा मला खरा राग आहे. लग्नाचा तेवढा नाही.

तोवर दिवस पालटले होते. कारखान्याचं छप्पर बसलं, शेठने काम घरोघरी वाटून दिलं, वाचनाची रीत मोडली. आई आता ओसरीवर एकटीच बिड्या वळायची आणि तिच्या बाजूला ट्रान्झिस्टर वाजत असायचा. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अशा एका पौषात मी माहेरी आले, माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, मंदाला घेऊन. मंदा गोष्टींची हावरी. मी तिला वरठीपासून साकोलीपर्यंत आगगाडीत आणि एसटीत कबूल करत आले होते की आजोबांच्या पेटीत एक पुस्तक आहे, त्यात आपल्यासारखीच चक्कीवाली बाई आहे, चष्मा लावून लिहिणारी.

दुपारचं ऊन अंगणात आलं होतं. पेटी उघडी होती, बाबा आत आडवे झाले होते. मी पुस्तक काढलं, मंदाला मांडीवर घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागले. पिठाचा डबा निघाला. मागणी निघाली. मी पुढची ओळ वाचली आणि थांबले.

मागणी घालणारा न्यायाधीशाचा मुलगा होता. चष्मेवालीने त्याला चार ओळींचं पत्र लिहून नकार कळवला. त्यानंतर एका पेटीनिशी ती घर सोडून शहरात गेली, मुलींच्या शाळेत शिकवू लागली, आणि शाळा सुटल्यावर भाड्याच्या खोलीत बसून तिने ती सात पुस्तकं लिहिली. पानं मागे-पुढे करून मी पाहिलं. चक्की नव्हती. खिडकीपाशी टेबल नव्हतं. सासू तर कुठेच नव्हती. वरठीच्या लोकांची धानाची गिरणी, म्हणून बाबांनी पुस्तकातल्या नवऱ्याला पिठाची चक्की दिली होती. थोडा फरक ठेवायची अक्कल त्यांना होती. मास्तरीण, खोली, शाळा सुटल्यावरचं लिहिणं. माझा बेत त्या पानावर जसाच्या तसा छापलेला होता. बाबांचं बोट त्याच ओळींवरून सरकलं होतं आणि तोंडाने त्यांनी मला दुसरीकडे वळवलं होतं.

‘मंग चक्की कवा येते?’ मंदाने विचारलं.

मी तिला खाली ठेवलं आणि आत गेले. बाबा उठून बसले होते. माझा आवाज तुटला होता तो त्यांना ऐकू गेला असावा, वाचणारा कुठे अडला हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांना अक्षर दिसत नव्हतं, पण कुठलं पान ते त्यांना कळलं.

ते पंच्याच्या टोकाशी चाळा करायला लागले. मग म्हणाले, ‘थे बाई येकटी मेली, शकू. भाड्याच्या खोलीत. तीन दिवस कोनाले पत्ता नाई. थे तुह्यासमोर कसं वाचू मी? मले भेव वाटलं.’

‘मेली कशी थे लपवलं असतं तरी चाललं असतं, बाबा,’ मी म्हटलं. ‘जगली कशी थे काहून लपवलं?’

त्यांनी ओसरीकडे तोंड केलं. मला वाटलं, डोळे पुसायला. पण ते आईकडे बघत होते, आणि आईने मांडीवरचं सूप बाजूला सारलं होतं. ती आत येऊन दाराशी उभी राहिली. तिला अक्षरओळख नव्हती. पुस्तकं म्हणजे तिच्या लेखी बाबांचा आवाज. ती म्हणाली की ते वाचायच्या आदल्या संध्याकाळी बाबा तिला विचारायला आले होते, पुढचं फार वाईट आहे, पोरीपुढे काय वाचू. ‘मंग मी सांगतलं,’ आई म्हणाली. ‘टेबल मीच सांगतलं. थे सासू बी मीच सांगतली. मले वाटे, अशी भेटावी कोनाले तरी.’

आता आठवलं की त्या वाक्यापाशी मी अडते. आईला आयुष्यात कोणी चुलीपासून उठ म्हटलं नव्हतं, हे आज मला दिसतं. तेव्हा दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मी दया दाखवली असती असं नाही. एकाने फसवलं असतं तर दुसऱ्याच्या कुशीत जाऊन रडता आलं असतं. या दोघांनी मिळून, चुलीपुढे बसून, माझ्यासाठी एक खोटी बाई घडवली होती, आणि मी आठ वर्षं त्या खोट्या बाईपुढे स्वतःला नापास करत आले होते.

मग मी जे केलं ते चांगलं केलं नाही. मी दोघांना ओसरीवर बसवलं, समोर उभी राहिले आणि ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, खणखणीत, अगदी बाबांच्या आवाजात. त्यांना लागावं म्हणून वाचलं. चार ओळींचं पत्र वाचलं, एका पेटीनिशी निघणं वाचलं, शाळेतल्या मुली तिला कशा बिलगायच्या ते वाचलं. तिची फुटकी चहाची किटली, रविवारी नदीकाठी एकटीने फिरणं, पहिलं पुस्तक छापून आलं त्या दिवशी तिने स्वतःसाठी घेतलेली निळी शाल, एकही ओळ गाळली नाही. मग तिचं म्हातारपण, हिवाळा, घरमालकीण गावाला गेलेली, आणि तीन दिवसांनी उघडलेलं दार. वाचताना मी आईकडेच बघत होते. ती रडेल, हात जोडेल, काहीतरी करेल अशी मी वाट बघत होते.

आई सगळं ऐकत होती, कारखान्यात ऐकायची तशी, मान थोडी कलती करून. बाबांनी तिला त्या संध्याकाळी एवढंच सांगितलं होतं की पुढचं फार वाईट आहे. काय वाईट, ते तिने विचारलं नव्हतं. माझं वाचून झालं. मंदा तिच्या पाठीशी येऊन उभी होती. मग आईने बाबांना विचारलं, मला नाही, अगदी हळू आवाजात विचारलं:

‘इतकंच होतं? इतक्यालेच भेलो आपन?’

मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं, मंदाचा हात धरला आणि चारच्या एसटीने निघाले. बाबांनी मला फसवलं याचा राग पुढे कधीतरी निवळला. आईच्या त्या प्रश्नाचा निवळला नाही.